उकळत्या पाण्याने नी-स्लीव्ह आवळत नाहीत

सैल पडलेले नी-स्लीव्ह, म्हणजे व्यायाम करताना गुडघ्यावर चढवायचे घट्ट पट्टे, गरम पाण्यात बुडवून काढले की आवळतात असं काही जण सांगतात. ते सुती होजिअरीच्या पट्ट्यांना थोडंफार लागू पडेल, पण ७ एमएम जाडीचे निओप्रीनचे असतील तर नका करू. निओप्रीन म्हणजे आत वायूचे बारीक फुगे असलेला रबराचा फोम, वापरून वापरून ते फुगे चेपतात म्हणून पकड जाते, आणि उष्णतेने ते परत फुगत नाहीत, उलट रबर लवकर कडक होऊन तडकतं.

मी माझे म्हापशाला शिंप्याकडून बाजूच्या शिवणीला आत घेतले. पहिल्यांदा त्याने साधी सरळ शिलाई मारली आणि पहिल्याच स्क्वॉटला टर्रकन उसवली, कारण कापड ताणतं पण सरळ टाका ताणत नाही. मग पॉलिएस्टर दोऱ्याने झिगझॅग मारून घेतली, ती अजून टिकून आहे. आधी हाताने कच्चे टाके घालून, स्लीव्ह चढवून दोन-चार बैठका मारून बघा, जादाचं कापड त्यानंतरच कापायचं. मी एकूण दीड सेंटीमीटर घेतलं, त्यातच घालताना घाम फुटतो. आणि शिवणीची कड बाहेरच्या बाजूला ठेवा, आत राहिली तर काचते. दिसायला गबाळं दिसतं, पण जिममध्ये गुडघ्यांकडे बघतंय कोण!

आपल्याकडे पावसात स्लीव्ह वाळत नाहीत म्हणून लोक गाडीच्या बॉनेटवर नाहीतर फ्रिजच्या मागे टाकतात, तेही नको, तीही उष्णताच. आतली बाजू बाहेर काढून पंख्याखाली टाका.