इतिहास विभागातील प्राध्यापकांचं संशोधनकार्य : नोंदी कशा कराव्यात?

बर्डीवाचक
नमस्कार. नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागाचं गेल्या पाच वर्षांचं संशोधनकार्य एकत्र लावायचं आहे. तोच मजकूर विभागाच्या पानावर जाईल आणि त्यावरूनच नॅकचे (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचे) तक्ते भरायचे आहेत. हाती आहेत ते शोधनिबंध, संपादित ग्रंथांतली प्रकरणं, इंडियन हिस्टरी काँग्रेसमध्ये वाचलेले निबंध, मोडी कागदपत्रांचं एक संपादन, पुस्तक परीक्षणं आणि वर्तमानपत्रांतले लेख. यातलं काय कुठे घालायचं? आणि यूजीसी केअर (विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची) यादी बंद झाल्यावर नियतकालिक तपासायचं कशावरून?

अभिलेखप्रेमी
सगळ्यात आधी "वाचला" आणि "छापला" हे दोन ढीग वेगळे करा. हिस्टरी काँग्रेसचं अधिवेशन बहुधा डिसेंबरअखेर भरतं, इतिवृत्ताचा खंड नंतर येतो आणि त्यात निवडक निबंधच असतात. प्रमाणपत्र असलं तरी खंडात पृष्ठांक नसेल तर ते सादरीकरणच, प्रकाशन नव्हे. छापला असेल तर अधिवेशनाचं वर्ष आणि खंडाचं वर्ष दोन्ही लिहा. नाहीतर एकच निबंध दोन वर्षांत दोनदा मोजला जातो, आणि पडताळणीत नेमकं तिथेच अडकतं.

केअरबद्दल : यादी बंद करण्याचा निर्णय आयोगाच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीतला, जाहीर सूचना फेब्रुवारी २०२५ मधली. पण त्याआधीच्या निबंधांना तेव्हाचाच निकष लावायचा. नियतकालिक यादीत होतं एवढं पुरत नाही, त्या अंकाच्या महिन्यात होतं का ते पाहा. मध्येच वगळलेली नियतकालिकं बरीच आहेत.

खरा धोका बनावट प्रतिरूपांचा. छापील, जुन्या, संकेतस्थळ नसलेल्या नियतकालिकाचं नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा आठ अंकी ओळखक्रमांक) उचलून भलताच कोणी संकेतस्थळ थाटतो. एकाच अंकात वनस्पतिशास्त्र, वाणिज्य आणि मराठेशाही शेजारी शेजारी, आठवड्यात स्वीकृती, परीक्षणाआधीच पैशांची मागणी, हे दिसलं की थांबा. ग्रंथालयातून छापील अंकाची अनुक्रमणिका मिळवून ताडून पाहा, त्याला पर्याय नाही.

आयएसएसएनचा शेवटचा अंक हिशेबाने जुळतो. पहिल्या सात अंकांना क्रमाने ८ ते २ ने गुणा, बेरजेला ११ ने भागा, बाकी ११ मधून वजा करा. हिस्टरी काँग्रेसच्या इतिवृत्ताचा २२४९-१९३७ घ्या : बेरीज १३६, बाकी ४, उत्तर ७. उत्तर १० आलं तर एक्स लिहितात, बाकी शून्य असेल तर शून्य. यातून टंकलेखनाची चूक सापडते, बनावट नियतकालिक मात्र सापडत नाही, कारण त्याने क्रमांक खराच चोरलेला असतो.

मोडीलिपी
मोडीचं संपादन "इतर" रकान्यात ढकलू नका, कळकळीची विनंती आहे. रुमाल (कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे) उलगडून लिप्यंतर करायचं, हिजरी किंवा सुहूर (मराठेशाहीतल्या कागदांवरच्या) सनाचा इसवी सनाशी मेळ घालायचा, टिपा द्यायच्या, या कामाला दहा पानांच्या निबंधापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. ग्रंथाला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) असेल तर तो ग्रंथातच मोजला जातो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाच्या संपादकाला ८, ग्रंथातल्या प्रकरणाला ५ आणि मानव्यविद्येतल्या शोधनिबंधाला १० गुण आहेत.

विभागाच्या पानावर नुसती शीर्षकं टाकली तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. प्रत्येक नोंदीखाली दोन ओळी द्या : कागद कुठले पाहिले आणि नवं काय हाती लागलं. समजा, निबंध १८५३ मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले वारल्यानंतर राज्य खालसा झालं त्यावर आहे. मग रेसिडेंटचा (दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचा) कलकत्त्याशी झालेला, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातला पत्रव्यवहार वापरला, की नागपूरच्या अभिलेखागारातले कागद, की फक्त छापील साधनं, हे सांगितलंच पाहिजे. दप्तराचं नाव, खंड किंवा रुमाल क्रमांक द्या. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहावरच्या लेखातही तेच; वृत्तपत्राचं नाव आणि तारीख हवी, "समकालीन वृत्तपत्रे" एवढ्यावर भागत नाही.

परीक्षणं आणि वर्तमानपत्री लेख पानावर जरूर द्या, पण स्वतंत्र शीर्षकाखाली. शोधनिबंधांच्या तक्त्यात नकोत.

बर्डीवाचक
आभार. एक निबंध विभागातल्याच दोघांनी मिळून लिहिलाय. तो दोन म्हणून धरायचा का?

अभिलेखप्रेमी
विभागाच्या बेरजेत एकच. वैयक्तिक गुणांत दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे शोधनिबंधाच्या १० पैकी ७-७. दोनापेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७०, बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. तक्त्यात नोंद एकदाच करून दोन्ही नावं छापील अंकातल्या क्रमानेच लिहा. आणि प्रत्येक नोंदीमागे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका व लेखाचं पहिलं पान एकाच पीडीएफमध्ये ठेवा. फाइलचं नाव वर्ष, आडनाव, पृष्ठांक असं द्या, म्हणजे पडताळणीच्या वेळी शोधाशोध होत नाही.