केनियातलं दहा दिवसांचं शिबिर: सहा महिने तयारी नसेल तर जाऊच नये

मानेवाडा_ओपीडी (धागाकर्ता):
नागपुरातल्या ओळखीच्या डॉक्टर-नर्स मंडळींचा एक गट फेब्रुवारीत केनियाला निघतोय. किसुमूजवळ, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, दहा दिवसांचं शिबिर: मोतीबिंदू, हर्निया आणि जनरल ओपीडी. तिकीट ज्याचं त्याने काढायचं, राहण्या-जेवण्याचं तिथली संस्था बघणार. मलाही बोलावणं आहे, त्यामुळे गटातली चर्चा रोज वाचतो. टी-शर्टचा रंग ठरला. मसाई माराची जंगल सफारी शेवटच्या दोन दिवसांत, हेही ठरलं. खाखरा किती न्यायचा यावर मेसेजचा पाऊस पडला. लसींबद्दल एकीने विचारलं, तिला कोणी उत्तर दिलं नाही.

माझं मत सरळ आहे. तयारीला सहा महिने द्यायचे नसतील तर जाऊ नये, तिकिटाचे पैसे तिथल्या दवाखान्याला पाठवावेत.

सहा महिने उगाच म्हणत नाही. हिपॅटायटिस बीचे तीन डोस (0, 1 आणि 6 वा महिना) पूर्ण व्हायलाच तेवढे लागतात, आणि इंटर्नशिपमध्ये दोन घेऊन तिसरा विसरलेले आपल्यात कमी नाहीत. लसीनंतर रक्तात तयार होणाऱ्या अँटिबॉडीचं प्रमाण, म्हणजे टायटर, दहाच्या वर गेलंय का, हे तर क्वचितच कोणी तपासतं. यलो फीवरची (पीतज्वराची) लस सरकारमान्य ठराविक केंद्रांवरच मिळते आणि सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. 2016 पासून एकच डोस जन्मभर चालतो, एवढी सोय झाली आहे. मलेरियाबद्दल गटात लिहिलं गेलं, "आपण नागपूरचे, डास काय आपल्याला नवे आहेत?" अहो, सरोवराकाठचा तो पट्टा केनियातला सर्वाधिक मलेरियाचा, आणि तोही फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा प्रकार. मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन घ्यायची तर निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून, आणि परत आल्यावर आणखी चार आठवडे. ही शेवटची चार आठवड्यांची गोळीच लोक सोडतात.

आणि लसी हा सोपा भाग झाला. तिथे पेशंटला हात लावायला केनियाच्या मेडिकल कौन्सिलचा तात्पुरता परवाना लागतो. त्यासाठी इथल्या कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी चालू आहे आणि तक्रार नाही असा दाखला, हवं. गटात कोणी अर्ज केलाय? मला तरी कोणी दिसलं नाही.

धंतोलीचा_सर्जन:
डॉक्टर, ही यादी वाचून जे चार जण जाणार होते तेही घरी बसतील. मी अशा शिबिरांना जाऊन आलोय. कागदपत्रं आयोजक बघतात, काम तिथे पोहोचल्यावर होतं. आंधळा झालेला माणूस तिसऱ्या दिवशी नातवाचं तोंड बघतो, त्याला तुमचं टायटर किती हे विचारायचं नसतं. हातात कला असलेल्या माणसाला तुम्ही फायलींमागे पळवताय. 1938 साली आपले पाच डॉक्टर चीनला गेले. कोटणीस सोलापूरचे हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच पथकातले डॉ. चोळकर आपल्या नागपूरचे, हे किती नागपूरकरांना माहीत आहे? तिथे तर युद्ध चालू होतं. ते काय सहा महिने चेकलिस्ट भरत बसले होते?

मेडिकल_चौक:
सर, आदर आहे, पण कोटणीसांचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ते चिनी भाषा शिकले, तिथेच राहिले आणि 1942 मध्ये तिथेच गेले. दहाव्या दिवशी परत येऊन सत्कार घेतला नाही. आणि हिपॅटायटिस बीची लस तेव्हा निघालीच नव्हती, नाहीतर त्यांनी नक्की घेतली असती.

वऱ्हाडी_मिरची:
काहून जी, केनियाच काहून? मेळघाटात लेकरं अजून कुपोषणानं मरून राहिले, भामरागडात पावसाळ्यात नाल्याले पूर आला का बाया बाळंतपणासाठी अडकून पडते. तिथं एसटीनं जाता येते, पासपोर्ट लागत नाही. प्रकाश आमटे 1973 पासून हेमलकसाले आहेत, कोल्हे डॉक्टर मेळघाटात बैरागडले राहिले. तुमच्या त्या तिकिटाच्या पैशात धारणीत सहा महिने औषध पुरन. पण तिथं मसाई मारा नाही ना राजेहो, खरी गोष्ट हे आहे.

सातपुडा_ट्रेकर:
हे मात्र शंभर टक्के. फोटोत सिंह पाहिजे, कोरकू म्हातारी नको.

मानेवाडा_ओपीडी:
मिरची भाऊ, टोमणा मान्य. पण मेळघाटात तयारीशिवाय चालतं असं म्हणायचंय का? तिथेही कोरकू बोलणारं माणूस सोबत नसेल तर बाईला नेमकं काय होतंय ते कळत नाही. रविवारी जाऊन टॉनिकच्या बाटल्या वाटून येणारी पथकं तिथल्या लोकांनी भरपूर पाहिली आहेत. ज्यांची नावं तुम्ही घेतलीत ते मुक्कामाला गेले, म्हणून त्यांची नावं राहिली. माझा आक्षेप केनियावर नाही, बॅग भरली की निघालो या वृत्तीवर आहे. ती धारणीच्या रस्त्यावरही दिसते.

रजनीगंधा_स्टाफनर्स:
मी डोळ्यांच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून धंतोलीच्या सरांना एकच विचारते. शिबिराचं वेळापत्रक पाहिलं का? शेवटच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टीम मसाई माराला निघणार आहे. मोतीबिंदूनंतर डोळ्यात जंतुसंसर्ग झाला तर तो बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात दिसतो. दुखायला लागेल, लाल होईल, नजर जाईल. तेव्हा तो डोळा बघायला कोण असणार? तिथल्या दवाखान्यात नेत्रतज्ज्ञ आहे का, त्याला आपण काय लेन्स घातली ते लिहून देणार का, डोळ्यात इंजेक्शन द्यायची सोय कुठे आहे, हे कोणी विचारलंय? नसेल तर ऑपरेशनं पहिल्या चार दिवसांत संपवा, नंतरचे दिवस पट्ट्या आणि तपासणीला ठेवा, आणि मारा-बिरा रद्द करा. आकडा कमी होईल. होऊ द्या.

दुसरं, ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र. तिथे किती वेळ वीज असते, जनरेटरवर ऑटोक्लेव्ह चालतो का, निर्जंतुक झालं का ते दाखवणारी इंडिकेटर टेप आपण न्यायची का, हे नर्सला ठाऊक असावं लागतं, आणि गटात आम्हा नर्सेसना अजून कोणी काही विचारलेलं नाही. साधी गोष्ट सांगते: तिकडे चौकोनी तीन पिनांचं सॉकेट असतं, आपले प्लग बसत नाहीत. एका मायक्रोस्कोपच्या प्लगसाठी अख्खी सकाळ जाऊ शकते.

आणि सुई टोचली तर? पश्चिम केनियात एचआयव्हीचं प्रमाण त्या देशातल्या इतर भागांपेक्षा जास्त आहे. पीईपी, म्हणजे टोचल्यानंतर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, 72 तासांच्या आत सुरू करायची असते, जितकी लवकर तितकी बरी, आणि 28 दिवस घ्यायची. गोळ्या कुठे ठेवल्या आहेत आणि टोचल्यावर कोणाला सांगायचं, हे पहिल्या दिवशी भिंतीवर लिहिलेलं असलं पाहिजे. डॉक्टर लोक लाजून सांगत नाहीत, माझा अनुभव आहे.

धंतोलीचा_सर्जन:
फॉलोअपचा मुद्दा बरोबर आहे. पण म्हणून जायचंच नाही हे पटत नाही. तिथला रुग्ण आणखी वर्षभर आंधळा राहणार, तो धोका तुमच्या हिशेबात कुठे येतच नाही.

कुतूहल_इंटर्न:
मी इंटर्न आहे, मलाही जायचंय. खरं सांगतो, इथे आम्हाला केस हातात मिळत नाहीत. तिथे हर्नियात निदान पहिला असिस्ट मिळेल, जमलं तर एखादा स्वतः करता येईल. यात चूक काय? शिकणारा पण शिकतो, पेशंटचं पण काम होतं.

मेडिकल_चौक:
चूक हीच की जो हर्निया तुला इथे करू देत नाहीत, तो तिथल्या माणसावर करायचा म्हणतोस. त्याची आतडी नागपूरच्या माणसापेक्षा स्वस्त आहेत का? इथे जे करायची परवानगी नाही ते तिथे करायचं नाही. जायचं असेल तर बीपी बघ, शुगर बघ, नोंदी लिही. खूप कामाचं असतं ते.

कुतूहल_इंटर्न:
एवढं तोडून बोलायची गरज नव्हती. नोंदी लिहायला लाख रुपये घालून कोण जाईल?

मानेवाडा_ओपीडी:
तोडून बोलला, पण बरोबर बोलला.

दवाबाजार_वाला:
औषधांचं कोणी बोलेना म्हणून लिहितो. माझ्याकडे या महिन्यात शिबिरासाठी म्हणून तीन जण आले. एकाने एमआरकडून (औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून) जमवलेल्या सॅम्पलचा खोका आणला, म्हणे हे पॅक करून द्या. जागतिक आरोग्य संघटनेचे औषधदानाचे नियम आहेत: फुकट सॅम्पल द्यायची नाहीत, रुग्णाने परत केलेली द्यायची नाहीत, आणि तिथे पोहोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. फेब्रुवारीत नेऊन जूनमध्ये संपणाऱ्या गोळ्या जाळायचा खर्च त्या दवाखान्याच्याच माथी बसतो. केनियात औषध न्यायला तिथल्या फार्मसी बोर्डाची आधी परवानगी लागते. केटामीन, फेंटानिल, ट्रामाडोल असलं काही हँडबॅगेत टाकू नका, आपल्याकडे ती एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, आहेत, नागपूरहून मुंबईपर्यंतसुद्धा पोहोचणार नाही. आणि हो, केनियात 2017 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, दंड जबर आहे. माझ्या दुकानाच्या पिशव्या इथेच ठेवून जा.

अजून एक. एकाने सर्पदंशासाठी आपलं अँटिव्हेनम मागितलं. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. तिकडच्या पफ ॲडर आणि मांबा या विषारी सापांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. मी दिलं नाही, ते रागावून गेले.

वऱ्हाडी_मिरची:
बाप्पा! हे तर मलेही माहीत नव्हतं. साप बी व्हिसा पाहून चावते.

निवृत्त_पण_कार्यरत:
मी 67 चा. सर्जरी करतो अजून. यलो फीवरची लस घेण्यात काही अडचण?

मानेवाडा_ओपीडी:
सर, साठीनंतर पहिल्यांदाच घेत असाल तर गंभीर दुष्परिणामाचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची ॲलर्जी, थायमसचा आजार, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर स्पष्ट सांगा. लस केंद्रावरच्या डॉक्टरांशी बसून बोला. धोका घ्यायचा की इथूनच व्हिडिओवर केस बघून मदत करायची, हा निर्णय तुमचा.

हिशेबी_माणूस:
मी डॉक्टर नाही, सीए आहे. माझा प्रश्न वेगळा. "तिथे डॉक्टरच नाहीत" असं धरून सगळे बोलताहेत. केनियात 2024 मध्ये मार्च ते मे सरकारी डॉक्टरांचा संप चालला, त्यातला मुख्य मुद्दाच इंटर्नच्या नेमणुका रखडल्याचा होता. म्हणजे शिकलेले डॉक्टर तिथे आहेत, सरकारकडे त्यांच्या पगाराला पैसे नाहीत. वीस जणांच्या विमानभाड्यात एका स्थानिक डॉक्टरचा किती महिन्यांचा पगार निघेल, हा हिशेब मांडून बघा. मला तरी दहा दिवसांची वारी महाग वाटते.

मेडिकल_चौक:
हिशेब पटतो, पण एक गोष्ट पैशाने पाठवता येत नाही. सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आपला विदर्भ सिकलसेलचा पट्टा आहे, सरोवराकाठही तो भरपूर आहे. हायड्रॉक्सीयुरिया ही त्यावरची गोळी कधी सुरू करायची, रक्ताच्या तपासण्या कधी करायच्या, वेदनेच्या झटक्यात पोराला किती पाणी आणि काय वेदनाशामक, नवजात बाळांची तपासणी कशी लावायची, हे इथल्या निवासी डॉक्टरांना रोजच्या कामातून येतं. फरकही लक्षात ठेवायला हवा. आपल्याकडच्या प्रकारात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त राहतं, त्यामुळे आजार सरासरीने सौम्य. आफ्रिकेतला जास्त कडक. म्हणजे आपली सवय तिथे जशीच्या तशी लावली तर आजाराला हलक्यात घेऊ. मी म्हणेन, ऑपरेशनं कमी करा, दोन जण तिथल्या क्लिनिकल ऑफिसरांसोबत (डॉक्टर नसले तरी रुग्ण तपासून उपचार करणारे प्रशिक्षित लोक) सिकलसेलचं काम करायला जा, आणि त्यांच्याकडूनही शिका. मलेरिया आणि सिकलसेल एकत्र आलेलं मूल त्यांनी आपल्यापेक्षा जास्त पाहिलंय.

सातपुडा_ट्रेकर:
स्वाहिली शिकायचं ॲप टाकलं तर चालेल ना?

रजनीगंधा_स्टाफनर्स:
टाका, पण किसुमूकडची म्हातारी माणसं लुओ बोलतात. दुभाषा आधी ठरवा, आणि तो पेशंटचा नातेवाईक नको. बाईला पाळीबद्दल सासऱ्यामार्फत विचारणार का?

धंतोलीचा_सर्जन:
चला, बरंच झालं. परवान्याचा अर्ज मी उद्या टाकतो, औषधांची यादी दवाबाजारवाल्यांना दाखवतो. पण तारीख पुढे ढकलायला माझा विरोध कायम आहे. फेब्रुवारी म्हणजे फेब्रुवारी. हिपॅटायटिसचे डोस माझे पूर्ण आहेत, ज्यांचे नाहीत त्यांनी ओटीबाहेर काम करावं.

रजनीगंधा_स्टाफनर्स:
फेब्रुवारी चालेल, पण मग तिथे नेत्रतज्ज्ञ सापडेपर्यंत मोतीबिंदू यादीतून काढा. तपासणी करा, चाळिशीचे चष्मे वाटा.

धंतोलीचा_सर्जन:
चष्मे वाटायला मी केनियाला जाऊ?

रजनीगंधा_स्टाफनर्स:
नका जाऊ. मी जाईन. रविवारच्या बैठकीला येताना ऑटोक्लेव्हबद्दल तिथून काय उत्तर आलं तेवढं घेऊन या.