चर्चा : गोंगाटी विंड टनेलमधला ट्रान्झिशनचा डेटा धरावा का?

वातकुक्कुट : हायपरसॉनिक वेगात, म्हणजे मॅक ५ च्या (ध्वनीच्या पाचपट वेगाच्या) पुढे, बाउंडरी लेअर (पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर) लॅमिनारची (संथ, थराथराने वाहणारी) टर्ब्युलंट (खळबळती) झाली, म्हणजेच ट्रान्झिशन झालं, की पृष्ठभागावर येणारी उष्णता तिपटीच्याही वर जाते. उष्णतारोधक कवचाची जाडी त्यावरच ठरते. पण नेहमीच्या विंड टनेलमध्ये (मॉडेलवर वेगवान हवा सोडून चाचणी घ्यायच्या बोगद्यात) नॉझलच्या, म्हणजे हवेला वेग देणाऱ्या नळीच्या, भिंतींवरची बाउंडरी लेअर आधीच टर्ब्युलंट असते आणि तिचा आवाज मॉडेलवर आदळतो. मग आपण मॉडेल मोजतोय की टनेल? असा डेटा धरूच नये. क्वाएट टनेल (भिंतींवरची बाउंडरी लेअर लॅमिनार ठेवून हा आवाज टाळणारा) वापरा, नाहीतर उड्डाण-चाचणी करा.

खिळेमोळे : करा म्हणे! हायफायर-१ या चाचणी-रॉकेटचा शंकू २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वूमेराहून उडाला. एक उड्डाण, एकच मार्ग, संपलं. क्वाएट टनेलचे नखरे वेगळेच: थ्रोट (नॉझलचा सर्वांत अरुंद भाग) आरशासारखा घासायचा, त्याच्या अलीकडेच भिंतीवरची हवा शोषून घ्यायची, आणि धुळीचा कण बसला की शांतता गेली. एवढं करून रेनॉल्ड्स संख्या (हवेच्या चिकटपणापुढे तिचं जडत्व किती वरचढ, त्याचं माप) मर्यादितच. गोंगाटात ट्रान्झिशन लवकर होतं, म्हणजे फार तर कवच जाड होईल. होऊ दे की.

वातकुक्कुट : नुसतं लवकर झालं असतं तर हरकत नव्हती. गोंगाटी टनेलमध्ये सपाट पट्टीपेक्षा शंकूवर लॅमिनार प्रवाह जास्त टिकतो, असं वर्षानुवर्षं दिसत होतं. स्थिरतेचा सिद्धान्त (प्रवाहातल्या बारीक लहरी कधी वाढतात ते सांगणारा) उलट सांगत होता. १९८० च्या दशकात नासाच्या लँगली केंद्रातल्या मॅक ३.५ क्वाएट टनेलने सिद्धान्ताच्या बाजूने कौल दिला. इथे आकडा नाही, दिशाच चुकली होती. दिशा चुकल्यावर सुरक्षेची जादा जाडी कुठे लावणार?

सेकंडमोड : दोघंही ट्रान्झिशन कुठे झालं यावरच भांडताय. ते का झालं हे बघायला गोंगाटी टनेलही चालतो. टोकदार शंकूवर सेकंड मोडच्या लहरी (बाउंडरी लेअरमध्ये वाढत जाऊन ट्रान्झिशन घडवणाऱ्या दाबलहरी) तिथेही स्पष्ट दिसतात. त्यांची लांबी बाउंडरी लेअरच्या जाडीच्या साधारण दुप्पट. जाडी १ मिमी आणि वेग ९०० मी/से धरला तर वारंवारता ४०० किलोहर्ट्‌झच्या आसपास येते. खरी पंचाईत सेन्सरची: त्याचं तोंड लहरीएवढंच असलं की दाबाची सरासरी होते आणि लहर आहे त्यापेक्षा बुटकी दिसते. यावर कोणी बोलत नाही!

खिळेमोळे : टोकदार, गुळगुळीत शंकू कागदावर ठीक. २००९ मध्ये एसटीएस-११९ मोहिमेत डिस्कव्हरी या स्पेस शटलच्या पंखाखाली पाव इंचाचा उंचवटा मुद्दाम ठेवून बघितलं, कारण प्रत्यक्षात ट्रान्झिशन असल्या उंचवट्यानेच ओढवतं. तिथे तुमच्या सेकंड मोडला कोण विचारतो?

वातकुक्कुट : उंचवट्यामागच्या प्रवाहातही अस्थिरता वाढतेच, आणि तिला सुरुवातीचा धक्का कितीचा मिळाला ते टनेलच्या आवाजावर ठरतं. बरं, "धरूच नये" मागे घेतो. पण टनेलच्या आवाजाचा वर्णपट (कुठल्या वारंवारतेला किती आवाज) सोबत छापलेला नसेल, तर तो डेटा मी तरी डिझाइनला लावणार नाही.

खिळेमोळे : वर्णपट मोजायचा तर पुन्हा तेच सेन्सर लागणार. त्यांच्या तोंडाचं आत्ताच ऐकलंत ना?