पाळणाघर आहे, पण कुठे?

सासरचे अडवतात म्हणून मुली आयटी सोडतात, असं बरेच जण म्हणतात. असतीलही तशी घरं. पण आमच्या टीममधल्या ज्यांनी सोडलं, त्यांच्या सासूबाईच उलट "सोडू नकोस गं" म्हणत होत्या. घोडं अडतं ते बाळंतपणाची रजा संपल्यावर.

मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे भरपगारी रजा मिळाली, शिवाय 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाताही येतं. कागदावर झकास! आता डोंबिवलीहून सकाळच्या लेडीज डब्यात वर्षाचं पोर कडेवर, खांद्याला लॅपटॉपची बॅग, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीच्या ऑफिसला, हे कोण करणार? आमच्याकडचं पाळणाघर छान रंगवलंय, मुलं मात्र जवळपास राहणाऱ्यांचीच. बाकीच्यांची डोंबिवलीतच कुणा काकूंकडे, आणि काकू सातला दार लावतात. क्लायंटचा कॉल नेमका साडेसहाला. (मुलाच्या बाबांना तर त्यांच्या ऑफिसचा कॉल कधीच टाळता येत नाही, ते वेगळंच.) त्यापेक्षा कंपनीने घराजवळच्या पाळणाघराची फी द्यावी. एचआरला सुचवलं होतं, तर म्हणे पॉलिसीत बसत नाही.