पीएलएचे ग्लास: खत करायचं की पुन्हा कच्चा माल?

खटपट्या:
लग्नसराईत हल्ली हिरवं पान छापलेले पारदर्शक ग्लास सर्रास दिसतात. 'मक्यापासून केलेलं, मातीत मिसळतं' म्हटलं की यजमान खूश, पाहुणेही खूश. हे प्लॅस्टिक म्हणजे पीएलए, पॉलिलॅक्टिक आम्ल. मक्याची किंवा उसाची साखर आंबवून लॅक्टिक आम्ल काढायचं, त्याचे दोन-दोन रेणू जोडून लॅक्टाइड करायचं आणि लॅक्टाइडच्या लांब साखळ्या जोडायच्या. वनस्पतिजन्य आहे, वाद नाही. मातीत मिसळण्याचं मात्र तेवढं सोपं नाही. कंपोस्टेबलचा शिक्का मिळतो तो ५८ अंशांच्या आसपास तापत ठेवलेल्या ढिगातल्या चाचणीवर. परसातल्या खड्ड्याला एवढी धग टिकत नाही, आणि समुद्रात गेलेला ग्लास वर्षानुवर्षं तसाच राहतो.

समजा झालंच खत, तरी शेताला काय मिळालं? पीएलएत नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. बहुतेक कार्बन हवेत उडून जातो. माझ्या मते ही शुद्ध नासाडी आहे. तोच ग्लास दाबाखाली १६०-२०० अंशांच्या पाण्यात ठेवला की साखळ्या तुटून लॅक्टिक आम्ल परत मिळतं. हिशोबही सोपा आहे: ७२ ग्रॅम पीएलए अधिक १८ ग्रॅम पाणी, झालं ९० ग्रॅम आम्ल. म्हणजे कागदावर किलोला सव्वा किलो! आंबवण्याचा सगळा खटाटोप वाचला. बेल्जियमच्या गॅलॅक्टिक कंपनीने हे तंत्र विकसित केलंय. थायलंडमध्ये रायोंगला कारखाना असलेली टोटलएनर्जीज कॉर्बियन ही कंपनी २०२१ पासून काही अंश असा परत मिळवलेला माल घातलेलं पीएलए विकते. मग आपण अजून 'मातीत जातं' यावरच का अडलोय?

भंगार गल्ली:
साहेब, गोळा कोण करणार ते लिहायचं राहिलं.
आमचं पेटच्या, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकच्या, फ्लेक्सचं (बारीक तुकड्यांचं) काम आहे. बाटल्यांची झाकणं पाण्यावर तरंगतात, ती सहज वेगळी होतात. पीएलएची घनता १.२४, पेटची १.३८. दोन्ही तळाला. पुढे फ्लेक्स वाळवायला १६० अंशांच्या आसपास गेलं की पीएलए चिकट होतं, गोळे धरतं आणि सगळा लॉट बाद. कारखान्यात महागडं यंत्र असेल तर ते किरणांवर ओळखतं, आमच्याकडे सुमनमावशी ओळखते. शंका आली की ग्लास गरम पाण्यात बुडवते. उकळतं नाही हं, उकळत्यात पेटसुद्धा आकसतो. साठ-पासष्टला पीएलएचा ग्लास मान टाकतो, पेटचा उभा राहतो. आता असं एकेक बुडवून तुमच्या प्लांटला टनावारी माल कसा द्यायचा?

ओला कचरा सुका कचरा:
भंगार गल्लीशी सहमत, खटपट्यांशी अजिबात नाही. ग्लासाच्या तळाला मठ्ठा, वाटीला बासुंदी. ते धुवायचं पाणी कुठून आणणार? खरकट्याने माखलेली वस्तू खरकट्यासकट खतात गेली तर तोच तिचा उपयोग. नत्र पालाश अन्नातून येतोच, ग्लासातून मागतंय कोण? आणि एक सोयीस्करपणे वगळलंत. कंपोस्टेबल पिशव्या नुसत्या पीएलएच्या नसतात, त्यात पीबीएटी नावाचा दुसरा, मऊ प्लॅस्टिकचा प्रकार बराच असतो. तो बहुतांशी खनिज तेलातून येतो. तो मिसळलेला माल उकळलात तर लॅक्टिक आम्लाबरोबर टेरेफ्थॅलिक, अॅडिपिक अशा दुसऱ्या आम्लांची खिचडी हाती येईल. ती निवडत बसा.

खटपट्या:
पिशव्या तुमच्या, घेऊन जा. मी ग्लास, वाट्या, झाकणं एवढंच म्हणतोय. पण तुमचं ५८ अंशांचं खत केंद्र किती नगरपालिकांत आहे तेही सांगा. महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस कंपोस्टेबल वस्तूंना प्रमाणपत्राच्या अटीवर प्लॅस्टिकबंदीतून मोकळीक दिली. प्रमाणपत्र वस्तूला मिळतं, ती वस्तू जिथे जाऊन पडणार त्या ढिगाऱ्याला कोण विचारतं?

हातात स्टीलचा पेला:
स्टीलचे पेले वापरा. धागा बंद करा.

भंगार गल्ली:
दोन हजार पानं उठल्यावर पेले विसळायला तुम्हीच या.

उसाचा फड:
रसायन राहू द्या, भाव बघा. पुण्याच्या प्राज कंपनीने जेजुरीला २०२४ मध्ये पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी ही साखर कंपनी पीएलएचा मोठा कारखाना उभारतेय. नवा माल सुरू झाला की धुऊन, निवडून, उकळून काढलेल्या आम्लाला कोण विचारणार? साखर कारखान्याला ताजी साखर हाताशी असते.

खटपट्या:
हाताशी असते, फुकट नसते. एक किलो पीएलएला कागदावरच सव्वा किलो ग्लुकोज लागतं, प्रत्यक्षात त्याहून जास्त. त्यामागे ऊस, उसामागे पाणी. मराठवाड्यातल्या माणसाला हे मी सांगायला हवं का?

प्रयोगवही:
दोन्ही बाजूंना थोडं थांबवतो. 'आम्ल परत मिळालं' म्हणजे काम संपलं असं नाही. लॅक्टिक आम्लाची डाव्या-उजव्या हातासारखी, एकमेकांची प्रतिबिंबं असलेली दोन रूपं असतात, नवं पीएलए करायला त्यातलं एक बऱ्यापैकी शुद्ध लागतं. तापमान चढवत नेलं की ती मिसळायला लागतात आणि प्लॅस्टिक घट्टपणा गमावतं. शिवाय पाणी उडवण्यात भरपूर वाफ जाते. त्यापेक्षा पाण्याऐवजी इथेनॉल वापरून इथाइल लॅक्टेट काढणं मला पटतं. ते द्रावक म्हणून तसंच विकलं जातं, पुन्हा प्लॅस्टिक करायलाच हवं असं नाही. इथेनॉल साखर कारखान्यांच्या दारातच आहे.

उसाचा फड:
दारातलं इथेनॉल पेट्रोलमध्ये चाललंय, त्याच्याशी भावात टक्कर घ्या मग.

खटपट्या:
घेऊ की. सुरुवात रस्त्यावरच्या कचऱ्यातून करायचीच नाही. एकच केटरर असलेली मंगल कार्यालयं, कंपन्यांची कँटीन, स्टेडियम. तिथे माल कोणी आणला ते ठाऊक असतं, परत कोण नेणार तेही ठरवता येतं. बंदिस्त जागेत सुमनमावशीला पाणी तापवावं लागणार नाही.

ओला कचरा सुका कचरा:
कार्यालयवाला दोन पिंपं ठेवत नाही, तुम्ही तिसरं मागताय.

भंगार गल्ली:
केटररने ठेवली वेगळी गोणी तर मी उचलतो. अट एवढीच: ग्लास विसळून उपडे वाळवलेले, आणि वाहतूक ज्याने ग्लास विकला त्याच्या खिशातून. गोणीत पेटचा एक जरी सापडला तर गोणी परत. बोला, कोण देतंय लेखी?