विरजण तेच का?
सुटे भाग म्हणजे रथ नव्हे आणि भागांवेगळा रथही नाही, या बौद्ध उदाहरणावरच्या चर्चेत कुणीतरी म्हटलं, ‘सगळा सतत बदलणारा प्रवाहच असेल तर कशालाच “तेच” म्हणता येणार नाही’. हे काही मला पटलं नाही. मिलिंदपञ्हा या पाली ग्रंथातला (राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद) हा रथ सगळ्यांना आठवतो, पण राजा नेमकं हेच, म्हणजे माणूस तोच राहतो की वेगळा होतो, असं विचारतो तेव्हा नागसेन दुसरेच दाखले देतो: रात्रभर जळणारा दिवा, आणि दूध-दही-लोणी-तूप. पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरातली नव्हे, पण दिवा काही दुसरा झालेला नसतो. दही म्हणजे दूध नव्हे, पण दुधावाचून ते झालंही नसतं. ‘तेच’ आणि ‘वेगळं’ एवढे दोनच पर्याय आहेत हे धरून चालण्यातच घोटाळा आहे.

दह्याचा दाखला आमच्याकडे तर घडूनच गेलाय. सासूबाई नौपाड्यातून ऐरोलीला आल्या त्या विरजणाची वाटी मांडीवर धरून. त्यातले मूळ जिवाणू कधीच संपले असणार, दूध रोज नवं, वाटीसुद्धा दोनदा बदलली (एक माझ्याच हातून फुटली). लॉकडाऊनमध्ये ते नासलं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून आणलं. त्यांनी ते कधीकाळी आमच्याकडूनच नेलेलं! आता यात टिकून काय राहिलं? मला तरी रोज रात्री कोमट दुधात चमचाभर घालणं एवढंच दिसतं.

सासूबाई मात्र ठाम आहेत: “काकूंचं जरा जास्त आंबट लागतं. आपलं नव्हे ते.”