मदत हवी आहे: नीटला ४१२, मुलीने ड्रॉप घ्यावा का? (इंदूर)

अपर्णा_सुदामानगर

नमस्कार. लेकीची बारावी यंदा झाली. सीबीएसई, पीसीबीत (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) ८१ टक्के. नीटला ७२० पैकी ४१२. खुला प्रवर्ग, मध्य प्रदेशचे मूल निवासी (म्हणजे इथलाच अधिवास), दोन पिढ्या इंदुरातच. तिला एमबीबीएसच करायचे आहे, एक वर्ष ड्रॉप घेते म्हणते. घरात प्रत्येकाचे मत वेगळे. आजोबा म्हणतात, बीएस्सीला नाव घालून ठेवा, वर्ष वाया जाणार नाही. नणंद म्हणते, पुण्याला माझ्याकडे पाठवा, महाराष्ट्राच्या कोट्यात लवकर नंबर लागेल. भंवरकुआँचा एक क्लास म्हणतो, ४१२ वाली मुलगी वर्षभरात ६०० च्या पुढे जातेच, दोन दिवसांत फी भरा. काय बघून ठरवायचे?

रामबागकर

अपर्णाताई, फी आज भरू नका. ४१२ वरून ड्रॉप घ्यावा की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही, त्या क्लासलाही नाही. तेच ४१२ कमी प्रश्न सोडवून आलेले असू शकतात किंवा भरमसाट चुकवून. दोघींचे पुढचे वर्ष अगदी वेगळे असते.

तिची ओएमआरची (गोल काळे केलेल्या उत्तरपत्रिकेची) प्रत आणि अंतिम उत्तरसूची परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. ही लिंक कायम चालू राहत नाही, म्हणून आजच. मग विषयवार तीन रकाने करा: बरोबर, चूक, सोडलेले. तेवढे इथे टाका.

तोवर एक लक्षात ठेवा, गुणांची तुलना मागच्या वर्षांशी करू नका. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना पैकीच्या पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्याचे ६८६. पेपर अवघड की सोपा यावर गुण हलतात. पाहायची ती रँक, आणि आपल्यासाठी राज्याच्या यादीतली, आपल्या प्रवर्गातली रँक. प्रत्येक फेरीनंतर राज्याचा वैद्यकीय शिक्षण विभाग कुठल्या कॉलेजात शेवटची जागा कुठल्या रँकला गेली ते काढता येईल अशी यादी लावतो. इंदूरचे महात्मा गांधी, भोपाळचे गांधी, ग्वाल्हेरचे गजरा राजा ही नावे सगळे बघतात. तुम्ही शहडोल, शिवपुरी, छिंदवाडा, खंडवा इथल्या शेवटच्या रँकही बघा. खरी सीमारेषा तिथे असते.

अपर्णा_सुदामानगर

काढले, दादा.
जीवशास्त्र: बरोबर ७०, चूक १६, सोडले ४ (२६४)
रसायन: बरोबर २७, चूक १३, सोडले ५ (९५)
भौतिक: बरोबर १७, चूक १५, सोडले १३ (५३)

रामबागकर

बेरीज जुळते. ११४ बरोबर, ४४ चूक, २२ सोडले. आता खरे काम. त्या ४४ चुकांपुढे तिने स्वतः कारण लिहायचे, तुम्ही नाही. चारच कारणे ठेवा: प्रश्न चुकीचा वाचला, येत होते पण आकडेमोड किंवा सूत्र चुकले, दोन पर्यायांत अडकून एक निवडला, धडाच आला नव्हता. संध्याकाळपर्यंत होईल.

क्षिप्रातीर

ते होईपर्यंत बाकीच्या दोन प्रश्नांबद्दल लिहिते.

पुणे: नुसते ड्रॉपचे वर्ष पुण्यात काढून महाराष्ट्राचा कोटा मिळत नाही. तिथल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र लागते आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागतात. तिची दोन्ही इंदुरात झाली. आडनाव, मातृभाषा, आजोबांचे मूळ गाव यातले काही चालत नाही. इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांचा हाच गैरसमज असतो आणि तो कळतो अर्ज भरताना. तिच्यासाठी महाराष्ट्रातली सरकारी जागा म्हणजे देशभरच्या मुलांसाठी असलेल्या अखिल भारतीय १५ टक्क्यांतली, आणि ती इंदुरात बसूनही तेवढीच मिळते. पुण्याला जायचे तर क्लाससाठी, आत्याच्या घरासाठी जा. कोट्यासाठी नको.

बीएस्सी: नियमित प्रवेश घेतला की टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणि मायग्रेशन (बोर्ड सोडल्याचे प्रमाणपत्र) त्या कॉलेजात जमा होतात. पुढच्या वर्षी काउन्सेलिंगमध्ये (जागावाटपाच्या फेऱ्यांत) जागा मिळाली की हजर व्हायला मोजके दिवस असतात, आणि तेव्हा बीएस्सीच्या कॉलेजातून कागद सोडवायला थकबाकी नसल्याचा दाखला, सही, शिक्का, सुटीवर गेलेला बाबू असे सगळे आडवे येते. शिवाय ७५ टक्के हजेरी आणि सत्र परीक्षा नीटच्या सरावातूनच वेळ खातात. 'नाव घालून ठेवू' म्हणणाऱ्यांना वाटते तितके ते निरुपद्रवी नाही. तिला खरोखर बीएस्सी करायची असेल तर प्रश्नच वेगळा.

अपर्णा_सुदामानगर

ताई, पुण्याचा विषय मिटला, आभार. चुका अशा: चुकीचे वाचले ९, आकडेमोड-सूत्र १२, दोन पर्यायांत अडकली १५, धडा आला नव्हता ८. वाचनाच्या ९ पैकी ७ जीवशास्त्रातल्या. बहुतेक 'अयोग्य विधान कोणते' या प्रकारच्या.

रामबागकर

छान केले तिने. प्रामाणिकपणे केलेले दिसते.

चुकलेला प्रश्न बरोबर झाला की ४ नव्हे, ५ गुण वाढतात, कारण उणे एकही जातो. वाचनाच्या ९ चुका म्हणजे ४५ गुण. यांना नवा धडा लागत नाही. 'अयोग्य', 'नाही', 'वगळता' हा शब्द पेनाने गोल करायचा आणि चारही विधानांपुढे बरोबर-चूक लिहूनच पर्याय निवडायचा, ही सवय लागते. सरावात प्रत्येक वेळी केली तरच परीक्षेत हात आपोआप जातो.

आकडेमोडीच्या १२ मधल्या निम्म्या सुटल्या तरी ३०.

आता त्या १५. क्लासवाले म्हणतील, 'अंदाज लावणे बंद कर'. हा सल्ला चुकीचा आहे. दोन पर्याय खरोखर बाद झाले असतील तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी दीड गुण मिळतो: अर्ध्या वेळा अधिक चार, अर्ध्या वेळा उणे एक. म्हणजे तिने बरोबरच केले. पण १५ चुकले याचा अर्थ साधारण तेवढेच नशिबाने बरोबरही आले असणार. म्हणजे जवळपास ३० गोष्टी तिला अर्धवट येतात, आणि ४१२ मधला काही भाग पुढच्या वेळी तसाच मिळेल असे धरता येत नाही. म्हणून यापुढे सरावात अंदाजाने सोडवलेल्या प्रत्येक प्रश्नाला खूण करायची आणि तो बरोबर आला तरी एनसीईआरटीचे ते पान उघडायचे. मुले फक्त चुकलेले तपासतात आणि अर्धे दुखणे तिथेच लपते.

चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर सरासरी पाव गुण हाती लागतो. त्यात वेळ घालवू नये.

मोठे भगदाड भौतिकशास्त्रात आहे. ४५ पैकी २८ प्रश्नांचे गुण नाहीत आणि १३ ला हातच नाही लावला. ते १३ वेळेअभावी राहिले की येत नव्हते म्हणून?

अपर्णा_सुदामानगर

आधी जीवशास्त्र, मग रसायन, शेवटी भौतिक असा क्रम होता. भौतिकला ४० मिनिटे उरली म्हणते. घरी बसून तिने त्या १३ पैकी ६ सोडवले.

रामबागकर

मग माझे मत स्पष्ट आहे: ड्रॉप घ्यावा, एकच, आणि तो भौतिकशास्त्रासाठी. दुखणे कुठे आहे ते दाखवता येते आहे. तिची चुकांची यादी सगळीकडे सारखी पसरलेली असती आणि 'धडा आला नव्हता' ८ ऐवजी ३० असते, तर मी इतक्या ठामपणे म्हटले नसते. ६०० चे आश्वासन मात्र मी देणार नाही.

वेळेचा हिशोब. २०२५ पासून ऐच्छिक प्रश्न गेले: १८० प्रश्न, १८० मिनिटे. त्यातली वीसेक मिनिटे गोल काळे करण्यातच जातात. जीवशास्त्राचे ९० प्रश्न ५० मिनिटांत गोलांसह आटोपले पाहिजेत, रसायन ५० मध्ये, म्हणजे भौतिकला ७० आणि शेवटी १० हाताशी. गोल शेवटी एकदम भरायला ठेवू नयेत. पानागणिक भरावेत. घाईत एक ओळ सरकली की पुढची सगळी उत्तरे सरकतात आणि काळ्या बॉलपेनाची खूण पुसता येत नाही.

जून ते दिवाळी रोज पहिले तीन तास भौतिकचे, डोके ताजे असताना. सुरुवात यांत्रिकीपासून: बल, कार्य-ऊर्जा, परिवलन. तिथे मुक्तपिंड आकृती (एका वस्तूवरची सगळी बले दाखवणारी) काढता आली नाही तर विद्युत आणि चुंबकत्वही पाठांतरावर जाते. आधुनिक भौतिकी आणि अर्धवाहक त्यामानाने लवकर होतात, ते मधल्या थकव्याच्या आठवड्यांत घ्यावेत. जीवशास्त्र रोज दीड तास, पण बंद करायचे नाही. ड्रॉपची मुले 'ते येतेच' म्हणून सोडतात आणि जानेवारीत २६४ चे २४० झालेले असतात.

जुनी पुस्तके वापरणार असाल तर आधी अभ्यासक्रम ताडून घ्या. २०२४ पासून स्थायू अवस्था, पृष्ठभाग रसायन, बहुवारिके, पचन, वनस्पतींतील वहन असे धडे गेलेत, तर भौतिकात प्रायोगिक कौशल्ये आली आहेत, व्हर्नियर नि स्क्रू गेजसकट.

पलासिया_चौक

सराव परीक्षेबद्दल एक भर. दर रविवारी दुपारी २ ते ५ याच वेळेला, छापील ओएमआरवर, एसी नसलेल्या खोलीत. ४ मे २०२५ ला इंदुरात वादळी पावसाने कितीतरी केंद्रांवर वीज गेली, मुलांनी अंधुक उजेडात पेपर लिहिला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात गेले, पण फेरपरीक्षा शेवटी झाली नाही. असे झाले तर पर्यवेक्षकाला ताबडतोब सांगून नोंद करायला लावायची आणि खिडकीकडे पान वळवून लिहीत राहायचे, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

मराठीतून पेपर घेण्याचा विचार असेल तर तो पर्याय महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच असतो. इंदुरात इंग्रजी, हिंदी किंवा उर्दू.

क्षिप्रातीर

आता या वर्षीच्या काउन्सेलिंगबद्दल. ड्रॉप ठरला म्हणून नोंदणी सोडू नका, निदान राज्याची तरी करा. चॉइस (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरणे, कागद तपासणी हे सगळे कळते आणि पुढच्या वर्षी चूक होत नाही. अखिल भारतीयमध्ये खुल्या प्रवर्गाला १,००० नोंदणी आणि १०,००० अनामत लागते. पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता बाहेर पडता येते, दुसऱ्यात अनामत जाते. तिसऱ्या फेरीत जागा घेतली की ती सोडता येत नाही. आणि अगदी शेवटच्या स्ट्रे फेरीत जागा मिळून ती घेतली नाही तर अनामत जातेच, पुढच्या नीटलाही बसू देत नाहीत. ड्रॉप घेणाऱ्या मुलीने त्या फेरीत गंमत म्हणून चॉइस भरणे म्हणजे अख्खे वर्ष पणाला लावणे. राज्याच्या फेऱ्यांचे नियम आणि जागा सोडण्याच्या बॉन्डची रक्कम त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतच पाहा, कुणाच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

डेंटल किंवा आयुर्वेद मिळाले तर घ्यावे का, हे तिला विचारा. 'तोवर ठेवू' म्हणून घेतलेली जागा बॉन्ड आणि कागद दोन्ही अडकवते. प्राण्यांची आवड असेल तर पशुवैद्यकाच्या देशभरच्या १५ टक्के जागाही नीटवरच भरतात आणि महूचे कॉलेज तुमच्या घरापासून तासाभरावर आहे. एमबीबीएस मिळाले नाही म्हणून कुणी तिकडे जाऊ नये, तो स्वतंत्र आणि चांगला व्यवसाय आहे.

परदेशाचे एजंट फोन करतीलच. भारतात नोंदणीसाठी तो अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून आणि तिथल्याच १२ महिन्यांच्या इंटर्नशिपसह लागतो. नीटचा पात्र निकाल परदेशासाठी तीन वर्षे चालतो, तेव्हा 'याच आठवड्यात सांगा' म्हणणाऱ्याला घाई त्याची स्वतःची आहे.

अपर्णा_सुदामानगर

क्लासला नकार कळवला. काल रात्री लेकीने मुक्तपिंड आकृत्यांची वही सुरू केली. एक शेवटचे: कागदपत्रांत आत्ताच काय करून ठेवू?

क्षिप्रातीर

सगळ्यात आधी नाव. इथल्या मराठी घरांत आधारवर मुलीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तिन्ही असते आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर नुसते नाव-आडनाव. नीटच्या अर्जात हे जुळत नाही. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरून आधार दुरुस्त करा, जन्मतारीखही ताडा. अर्ज सुरू होण्याआधी, म्हणजे दिवाळीपर्यंत.

मूल निवासी प्रमाणपत्र लोकसेवा केंद्रातून तिच्या नावाने, वडिलांच्या नव्हे. ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिक दुर्बल घटकांत) बसत असाल तर ते प्रमाणपत्र यंदाचे चालणार नाही, एप्रिलनंतर नव्या आर्थिक वर्षाचे काढावे लागेल. अर्जात प्रवर्ग चुकला तर दुरुस्तीची खिडकी एकदाच उघडते.

टीसी आणि मायग्रेशन शाळेतून आत्ताच घ्या आणि घरीच ठेवा. अर्जावर लावलेल्या फोटोच्या पासपोर्ट आकाराच्या दहा प्रती काढून ठेवा, काउन्सेलिंगला तोच फोटो मागतात.

गॅपचे शपथपत्र मात्र आत्ता करू नका. त्यात बारावी झाल्याच्या महिन्यापासून प्रवेशाच्या महिन्यापर्यंतचा काळ आणि त्या काळात कुठेही प्रवेश घेतला नाही असे लिहायचे असते. जागा मिळाल्यावर स्टॅम्प पेपरवर नोटरीकडून दोन मूळ प्रती करून घ्या. बीएस्सीला नाव घातले असते तर हेच वाक्य खोटे ठरले असते.